बाकी

डिसेंबरात हेलसिंकीचा दिवस तीनलाच आटोपतो.
हेन्रीका दिवा लावत नाही.
पडद्यावर एक रकाना: शून्य, शून्य, शून्य,
मग एक्याण्णव, ब्याण्णव, त्र्याण्णवसमोर
एक, एक, एक,
आणि खाली पुन्हा शून्यं.
संकट असं लिहितात. असेल तर एक.
समीकरणाला यापेक्षा जास्त ऐकू येत नाही.

सतरा देश, चाळीस वर्षं.
व्याजाचा दर चढवला तर किती तिमाहींनी वाढ खुंटते,
चलन मोकळं सोडलं तर ती परत येते का.
वाढ.
तिच्या भाषेत हा शब्द रोपट्याच्या कुळातला.
माझ्या भाषेत तो पानाशी बसतो,
हातात डाव घेऊन, अजून थोडं म्हणत.

मॉडेलला जे कळलं नाही ते शेवटी उरतं.
त्याला बाकी म्हणायचं.
शेजारच्या टेबलावरचा ओस्मो म्हणतो,
फिनलंड वगळ, बाकी निम्म्यावर येते,
निकाल स्वच्छ दिसतो.
ती म्हणते, बघते.

मग ती कर्जांची फाइल उघडते.
नावं पुसलेली आहेत, नियमाप्रमाणे.
कर्जदार ४०२१७. धंदा: होड्या बांधणे.
तालुका: इसाल्मी.
कर्जाचं चलन: जर्मन मार्क.
थकल्याची तारीख: मार्च ब्याण्णव.

इसाल्मीत तेव्हा होड्या बांधणारे दोघे होते,
त्यातल्या एकानं कधीच कर्ज काढलं नव्हतं.

वेय्यो मॅनेजर बर्फावरून ढकलगाडी रेटत आला होता,
सत्त्याऐंशी साली, कागद छातीशी धरून.
जर्मनीचं व्याज आपल्या निम्मं आहे, ताउनो,
आपला मार्का दगडासारखा पक्का.
त्याची कॉफी गार झाली. बाबांनी सही केली.
वेय्यो खोटं बोलत नव्हता,
त्यालाही हेलसिंकीहून तसंच सांगितलं होतं.

नोव्हेंबरातली ती रात्र.
रेडिओनं अवमूल्यन हा शब्द दोनदा उच्चारला
आणि मग हवामान सांगितलं.
सकाळी कर्ज वाढलेलं होतं.
कुणी त्याला हात लावला नव्हता,
कुणी नवा पैसा आणला नव्हता.
आईनं बटाटे वाढले, नेहमीएवढेच,
आणि बाबा बराच वेळ काट्यानं
त्यांची सालं नीट एका बाजूला करत राहिले.

वेय्योची बँक बाबांच्या नंतर वर्षभरात बुडाली.
बुडाली म्हणजे पाटी बदलली.

हेन्रीका आकडे पुन्हा चालवते.
खरं तेच येतं: मार्का घसरला म्हणून कागदगिरण्या तगल्या,
निर्यात उठली, पंच्याण्णवपर्यंत आलेख वर.
तो निर्णय घ्यायलाच हवा होता.
आधी घेतला असता तर आणखी बरं.
हे ती उद्या सभेत सांगणार आहे,
आणि त्यातला एकही शब्द तिला खोडता येत नाही.
फिनलंड ती वगळत नाही.
तक्ता चारखाली बाकी तशीच ठेवते, फुगलेली, बेढब.

रात्री फोन करते.
बाबा, माझं संशोधन झालं.
काय निघालं?
मार्का उतरवला ते बरोबर होतं, असं निघालं.
पलीकडे शांतता. ताउनो शांत राहतो तेव्हा
रागावलाय की चूल सारतोय
हे एकोणचाळीस वर्षांत तिला ओळखता आलेलं नाही.

बरं, म्हणतो. मग तसंच असेल.
आणि थोड्या वेळानं,
जणू वेगळाच विषय:
त्यांनी करवत नेली ना,
तिचे चार बोल्ट जमिनीतच राहिलेत.
दर हिवाळ्यात अडखळतो.
या खेपेला येशील तेव्हा
मोठा पाना घेऊन ये.